शिकारीची तलवार, राजाचा दरबार आणि आपला झाडीपट्टीचा मुलूख



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी आम्हाला सरळच विचारले, "युरोपातल्या राजांच्या शिकारी तलवारी आणि आपला गोंदिया, यांचा संबंध तरी काय? धानाच्या बांधीत उभे राहून व्हर्सायच्या राजवाड्याकडे बघायचं म्हणता की काय?" प्रश्न बरोबर आहे. पण संबंध आहे. आणि तो ओढूनताणून आणलेला नाही, हे तासाभरात तुम्हालाच पटेल. त्यासाठी आधी थोडे लांब जाऊ, मग नागपूरमार्गे घरी परत येऊ.

शिकारीची तलवार म्हणजे काय, इथून सुरुवात करू. तलवार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लढाई येते. पण युरोपात काही शतके अशी एक तलवार होती, जी माणसावर चालवण्यासाठी घडवलेलीच नव्हती. ती होती जनावरासाठी. त्यातही मुख्यतः दोन जनावरांसाठी: रानडुक्कर आणि बाराशिंगी हरीण.

रानडुक्कर काय चीज असते, हे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. धान निसवायला लागले की रात्री मचाणावर जागणारी माणसे या श्रोत्यांत बसलेली असतील. डुकराची एक गोष्ट शिकाऱ्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. त्याला भाला लागला तरी ते थांबत नाही. भाला अंगात घेऊन, त्याच काठीवरून पुढे सरकत ते माणसापर्यंत पोहोचते आणि सुळा मारते. म्हणून युरोपातल्या डुकराच्या भाल्याला पात्याच्या खाली एक आडवी दांडी असे. जनावर तिथे अडायचे. पंधराव्या-सोळाव्या शतकात हीच युक्ती तलवारीला लावली गेली. लांब, जाड, बरेचसे बिनधारेचे पाते, टोकाशी पानासारखे रुंद झालेले, आणि त्या रुंद भागाच्या मागे भोक पाडून त्यातून घातलेली आडवी दांडी. घोड्यावरून डुकराला भोसकायचे, तर असले हत्यार लागे. सम्राट पहिला माक्सिमिलियन, जो 1519 मध्ये वारला, तो शिकारीसाठी प्रसिद्ध होता आणि या डुक्कर-तलवारीशी त्याचे नाव जोडले जाते.

हरणाची गोष्ट वेगळी. फ्रान्सच्या दरबारात जी शिकार मानाची समजली जाई, तिच्यात हरणाला लांबून मारायचे नसे. कुत्र्यांचा कळप सोडायचा, घोडेस्वारांनी शिंग फुंकत मागे धावायचे. तासन् तास. शेवटी हरीण दमते, एखाद्या तळ्यात किंवा झुडपाशी वळून उभे राहते. कुत्री त्याला वेढा घालतात. तेव्हा शिकारीचा प्रमुख घोड्यावरून उतरून जवळ जातो आणि छोट्या तलवारीने त्याला संपवतो. त्या एका घावासाठी ही तलवार होती. म्हणूनच ती आखूड, साधारण दोन फुटांच्या आसपास. झाडीत लांब तलवार अडकते, आणि कुत्र्यांच्या गर्दीत फिरवताही येत नाही. जर्मन भाषेत या तलवारीला 'हिर्शफेंगर' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'हरीण धरणारा'.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कामाला सुरी पुरली असती. खरे आहे. आणि इथूनच दरबाराची गोष्ट सुरू होते.

शिकार आणि सत्ता

ज्या व्हर्सायचा एवढा बोलबाला आहे, तो राजवाडा सुरुवातीला काय होता? शिकारीच्या वेळी मुक्काम करायचे घर. 1623 मध्ये तेराव्या लुईने ते बांधले. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, तिथे राजवाडा उभा केला आणि 1682 मध्ये सगळा दरबारच तिकडे हलवला. म्हणजे फ्रान्सची राजधानी एका अर्थाने शिकारीच्या पडवीत जाऊन बसली! राजाबरोबर शिकारीला जायला मिळणे हा मान होता, आणि तो मोजून-मापून दिला जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर असा नियम होता, की राजाच्या गाडीतून शिकारीला जायचे असेल तर आपले घराणे 1400 सालापासून सरदारांचे आहे, हे कागदपत्रांनी सिद्ध करावे लागे. विचार करा, हरणाच्या मागे धावायला साडेतीनशे वर्षांची वंशावळ!

एकदा शिकार मानाची झाली, की तिचे हत्यारही मानाचे होते. सतराव्या-अठराव्या शतकात ही आखूड तलवार पोशाखाचा भाग झाली. मूठ हरणाच्या शिंगाची, हस्तिदंताची, चांदीची. हस्तिदंत कधी हिरव्या रंगात रंगवलेले. मुठीखाली शिंपल्याच्या आकाराची छोटी ढाल. पात्यावर कोरलेली चित्रे: पळणारे हरीण, मागे कुत्री, शिंग फुंकणारा माणूस. सॅक्सनीत माइसेन इथे 1710 मध्ये युरोपातला पहिला खऱ्या पोर्सिलेनचा कारखाना निघाला. त्यानंतर काही तलवारींना चक्क पोर्सिलेनच्या मुठी बसवल्या गेल्या. चिनी मातीची मूठ धरून डुकराशी कोण भिडणार? कोणीच नाही. ती तलवार दाखवण्यासाठी होती. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्टस, ज्याला 'बलवान ऑगस्टस' म्हणत, त्याचे मोरिट्झबर्गचे शिकारमहाल आजही भिंतीवरच्या भल्यामोठ्या शिंगांसाठी ओळखले जातात. शिकारीतही दरबारासारखेच शिष्टाचार. जर्मन शिकाऱ्यांत रीत होती, की कुणी शिकारीच्या भाषेत किंवा नियमात चूक केली, तर त्याला रुंद शिकारी सुऱ्याच्या चपट्या बाजूने तीन फटके द्यायचे. सगळ्यांसमोर, हसतखेळत, पण शिक्षा ती शिक्षाच.

या सगळ्या थाटामाटाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर गोष्ट अर्धी राहील. हरीण आणि डुक्कर मारायचा हक्क राजाचा आणि सरदारांचा होता. शेतकऱ्याचा नव्हता. हरणांनी त्याचे पीक खाल्ले तरी त्याने हात उगारायचा नाही. उलट शिकारीचे घोडे आणि कुत्री त्याच्याच उभ्या पिकातून जायची. फ्रान्समध्ये 1789 मध्ये राज्यक्रांती झाली, तेव्हा गावोगावच्या तक्रारींच्या वह्यांत ही एक तक्रार पुन्हा पुन्हा लिहिलेली होती. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री राष्ट्रीय सभेने सरदारांचे विशेष हक्क मोडीत काढले, त्यात शिकारीचा हक्कही गेला. आणि जरा गंमत बघा. तीन आठवडे आधी, 14 जुलैला, पॅरिसमध्ये बास्तीचा तुरुंग पडला, त्या दिवशी सोळाव्या लुईने आपल्या रोजनिशीत एकच शब्द लिहिला: 'काही नाही.' लोक याला राजाचा बेफिकीरपणा म्हणतात. पण ती रोजनिशी मुख्यतः शिकारीची होती. 'काही नाही' म्हणजे आज शिकार मिळाली नाही. राज्य हातातून निघाले होते आणि राजा हरणे मोजत होता.

ही शेतकऱ्याची बाजू लक्षात ठेवा. आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

पाती समुद्र ओलांडतात

या तलवारींची पाती कुठे घडत? मोठे नाव जर्मनीतल्या झोलिंगेन गावाचे. तिथे कामाची वाटणी होती. घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. सैन्याच्या लांब तलवारी आणि शिकारीच्या आखूड तलवारी, दोन्हींची पाती याच गावच्या भट्ट्यांतून निघत. पात्यावर धावत्या लांडग्याची खूण असे. मुळात ती पासाऊ या दुसऱ्या गावची. झोलिंगेनच्या लोकांनी उचलली, कारण गिऱ्हाईक लांडगा बघून पैसे देई. नकली शिक्का ही आजची गोष्ट नाही, बरं का!

अजून एक खूण सांगतो. जुन्या शिकारी तलवारींवर कधीकधी '1414' असा आकडा कोरलेला दिसतो. बघणारा खूश होतो, सहाशे वर्षांपूर्वीची तलवार मिळाली म्हणून. पण ते साल नाही. तो शुभ मानलेला, मंत्रासारखा आकडा आहे. पाते सतराव्या किंवा अठराव्या शतकातलेच असते. वस्तूवर जे लिहिले आहे ते वाचणे पुरेसे नसते. का लिहिले आहे तेही विचारावे लागते. आजच्या व्याख्यानात हे दुसऱ्यांदा कामाला येईल.

1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यानंतर युरोपातली पाती समुद्रमार्गे भारतात मोठ्या प्रमाणावर यायला लागली. तयार तलवार नाही, नुसती पाती. ती इथल्या कारागिराने घ्यायची आणि आपल्या पद्धतीची मूठ बसवायची. परदेशी पात्याची, देशी मुठीची ही लांब सरळ तलवार म्हणजे आपली 'फिरंग'. पोर्तुगीज म्हणजे फिरंगी, त्यांच्याकडून आलेली ती फिरंग. या पात्यांना इतकी मागणी होती, की इथल्या लोहारांनी युरोपी खुणांची नक्कल सुरू केली. इटलीतल्या जेनोआच्या पात्यांवर दातेरी चंद्रकोरीसारखी खूण असे; ती भारतातल्या पात्यांवरही कोरलेली सापडते. झोलिंगेनने पासाऊचा लांडगा चोरला, आम्ही जेनोआची चंद्रकोर. हिशेब चुकता.

पाती व्यापाराने आली, तशी राजांच्या भेटींतूनही आली. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो जहांगिराकडे आला. 1616 च्या आरंभी अजमेरला बादशहाची भेट झाली. नजराण्यात घोडागाडी होती आणि रोने स्वतःची एक भारी तलवारही दिली. पण जहांगिराला जास्त आवडली ती इंग्लंडची दांडगी कुत्री, कारण बादशहा शिकारीचा वेडा होता. त्याने आत्मचरित्रात हिशेबच दिला आहे: वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समोर 28,532 जनावरे मारली गेली, त्यांतली 17,167 आपण स्वतःच्या हाताने. पॅरिसजवळचा लुई काय आणि आग्र्याचा जहांगीर काय, दोघांच्याही वह्या सारख्याच.

शिकारीतून उभे राहिलेले राज्य

आता साताऱ्याला येऊ. छत्रपती शाहू महाराज, शिवछत्रपतींचे नातू. त्यांना शिकारीचा मोठा नाद. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्यांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. त्या कुत्र्याने, परंपरा त्याचे नाव खंड्या सांगते, महाराजांना शिकारीत वाघापासून वाचवले, असे सांगितले जाते. गेलात तर जरूर बघा.

या शाहू महाराजांच्या जवळ एक तरुण सरदार होता: रघूजी भोसले. जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे, की शिकारीतल्या धाडसामुळे रघूजी महाराजांच्या विशेष मर्जीतला झाला. पुढे महाराजांच्या सासुरवाडीच्या शिर्के घराण्यातलीच मुलगी रघूजींना मिळाली. म्हणजे छत्रपतींचे ते साडू झाले. आणि 'सेनासाहेब सुभा' हा किताब त्यांच्याकडे आला. व्हर्सायला जे चालले होते, तेच साताऱ्याच्या डोंगरात. राजाबरोबर शिकारीला जाणारा माणूस राजाच्या जवळ जातो, आणि जवळ गेलेला माणूस मोठा होतो. अर्थात फरक आहे. रघूजींकडे वंशावळीच्या जोडीला मनगटही होते. नुसत्या मर्जीवर कुणी नागपूर ते बंगाल घोडा दौडवत नाही.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. देवगडच्या गोंड राज्यात चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर गादीचे भांडण लागले. मदतीला बोलावलेले रघूजी नागपूरला आले आणि तिथेच राहिले. गोंड राजाचा मान ठेवला, सत्ता मात्र आपल्या हाती घेतली. वैनगंगेचे खोरे त्यांच्या अमलाखाली आले. छत्तीसगड, तिथून ओडिशा, आणि पुढे बंगाल. 1751 च्या तहात बंगालच्या नवाब अलीवर्दीखानाने वर्षाला 12 लाख रुपये चौथ कबूल केली आणि ओडिशा रघूजींच्या ताब्यात आला. नागपूरहून पूर्वेला जायचे तर वैनगंगा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही, हे नकाशा बघा म्हणजे कळेल. आपला मुलूख त्या फौजांच्या वाटेवरचा. आणि फौज वाटेने जाते तेव्हा वाटेवरच्या गावांचे काय होते, ते बंगालच्या लोकांनी आपल्या अंगाईगीतांत जपून ठेवले आहे. मराठा स्वारांना ते 'बर्गी' म्हणत, आणि त्यांचे नाव घेऊन मुलांना झोपवत. आपल्या अभिमानाची गोष्ट सांगताना ही गोष्टही सांगितली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

या रघूजींची एक तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावघरात विक्रीला आली. महाराष्ट्र सरकारने ती घेतली. सगळा खर्च धरून 47 लाख 15 हजार रुपये, असे सांगण्यात आले. ऑगस्ट 2025 मध्ये तलवार मुंबईत आली. बातम्या तुम्ही वाचल्या असतील. 'आपली तलवार घरी आली' असे मथळे होते, आणि ते योग्यच होते.

पण आता त्या तलवारीकडे नीट बघा. पाते सरळ आणि एकधारी. त्यावर पाते बनवणाऱ्या युरोपी कारखान्याचे नाव आहे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याचे नक्षीकाम केलेली. मुल्हेर म्हणजे नाशिक जिल्ह्यातले. आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरे: 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग'.

शेवटचा शब्द वाचलात? 'फिरंग'. मघाशी म्हटले ना, का लिहिले आहे ते विचारावे. बंगालपर्यंत धाक असलेल्या सेनापतीने आपल्या तलवारीचे पाते परदेशी आहे हे लपवले नाही. सोन्याच्या अक्षरांत, आपल्या नावाच्या आणि किताबाच्या ओळीतच, ते लिहवून घेतले. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. पाते चांगले आहे, मी निवडले आहे, मूठ माझ्या पद्धतीची आहे, म्हणून तलवार माझी. इतका सरळ हिशेब. आज आपण 'देशी की विदेशी' यावर तासन् तास भांडतो. त्या भांडणात ही तलवार कुठल्या बाजूला ठेवायची? आम्हाला वाटते, तिला दोन्ही बाजूंनी ओढण्यापेक्षा जशी आहे तशी वाचावी. तिच्यात युरोपातली भट्टी आहे, नाशिककडची घडण आहे, साताऱ्याचा किताब आहे आणि नागपूरचे नाव आहे.

अशा वस्तू नागपूरहून बाहेर कशा गेल्या? वाटा अनेक होत्या. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूर इंग्रजांच्या हाती गेले. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले. पोटी मुलगा नव्हता. डलहौसीने राज्य खालसा केले आणि राजवाड्यातल्या चीजवस्तूंचे लिलाव झाले. यांतल्या कुठल्या वाटेने ही तलवार लंडनला पोहोचली, हे सांगणारा शिक्का तिच्या पात्यावर नाही.

दोन कायदे, आणि मग आणखी दोन

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण मुलूख जुना. भोसल्यांच्या काळी इथला कारभार बराचसा जमीनदारांच्या हाती. कामठ्याची जमीनदारी त्यांतली मोठी. 1818 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कामठ्याचा चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. इंग्रजी फौजेने कामठा घेतला आणि उठाव मोडला. त्या वेळी या भागात हत्यारे घरोघर होती. जमीनदाराच्या शिपायाकडे तलवार, गोंडाच्या खांद्यावर धनुष्य, कुऱ्हाड सगळ्यांकडेच.

साठ वर्षांनी, 1878 मध्ये, इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एक हत्यारांचा कायदा: परवान्याशिवाय तलवार-बंदूक बाळगायची नाही. दुसरा वनकायदा: सरकार ठरवेल ते जंगल राखीव, तिथे परवानगीशिवाय लाकूड तोडायचे नाही, गुरे चारायची नाहीत, शिकार करायची नाही. दोन्ही एकाच साली. इतिहासाच्या पुस्तकांत हे दोन कायदे दोन वेगळ्या प्रकरणांत येतात. पण सालेकसा-देवरीच्या जंगलाकाठी राहणाऱ्या माणसाला ते एकत्रच भोगावे लागले. एकाने हातातले हत्यार गेले, दुसऱ्याने समोरचे जंगल. धानात डुक्कर शिरले तर मारायचे कशाने, आणि मारले तर कोणाला विचारून? शिकार साहेबाची झाली, राजेरजवाड्यांची झाली, परवान्याची झाली.

आणि इथे तो फ्रान्सचा शेतकरी पुन्हा आठवतो. 1789 मध्ये त्याने जे मोडून काढले, तेच नव्वद वर्षांनी वैनगंगेच्या खोऱ्यात नव्याने कायदा होऊन आले. हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक, 1864 मध्ये नेमलेला, डीट्रिश ब्रांडिस, हा जर्मन होता. त्याच्या मायदेशी वनाधिकाऱ्याच्या गणवेशात कमरेला काय असे? तीच आखूड शिकारी तलवार, हिर्शफेंगर. हरीण मारायचे हत्यार आता जंगलावरच्या अधिकाराचे चिन्ह झाले होते. ब्रांडिसवर सरसकट दोष टाकायचा नाही. जंगल टिकले पाहिजे हे त्याचे म्हणणे खरेच होते, आणि गावकऱ्यांसाठी गावाची वेगळी जंगले असावीत असा त्याचा आग्रहही होता. पण सरकारने त्याचे पहिले म्हणणे जेवढे ऐकले, तेवढे दुसरे ऐकले नाही.

पुढे स्वातंत्र्य आले. आणि 1972 मध्ये पुन्हा दोन कायदे झाले, पुन्हा एकाच साली. एक वन्यजीव संरक्षण कायदा. राजा असो, साहेब असो की गावकरी, शिकारीचा खेळ बंद. आपल्याकडे नागझिरा अभयारण्य 1970 मध्ये झाले, नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 मध्ये, आणि 2013 मध्ये दोन्ही मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. दुसरा कायदा पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. पहिल्या कायद्याने जनावर वाचवले, दुसऱ्याने हत्यार. 1878 च्या जोडीने जे तोडले, ते 1972 च्या जोडीने जोडले असे म्हणायचा मोह होतो. पण पूर्ण जोडले गेलेले नाही. डुक्कर आजही धानात येते, आणि नुकसानभरपाईच्या अर्जाची फेरी शेतकऱ्याच्याच वाट्याला आहे.

तुमच्या घरातली तलवार

शेवटी कामाची गोष्ट. दसऱ्याला आपल्याकडे शस्त्रपूजन होते. आपट्याची पाने वाटायच्या आधी काही घरांतून माळ्यावरची जुनी तलवार खाली येते, तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते आणि ती परत माळ्यावर जाते. अशा एका घरी आम्हाला मोठ्या प्रेमाने तलवार दाखवली गेली. पाते लख्ख चमकत होते. घरचे म्हणाले, "पाहुणे येणार म्हणून काल पॉलिश पेपर मारला." आमच्या पोटात गोळा आला. पात्यावर मुठीजवळ काही खूण असल्याची नुसती सावली उरली होती. लांडगा होता, चंद्रकोर होती, की कुणाचे नाव, आता कधीच कळणार नाही. त्यांची चूक नाही. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सांगायचे काम आमच्यासारख्यांचे होते, आणि आम्ही तिथे एक दिवस उशिरा पोहोचलो.

म्हणून आज सांगतो. जुन्या पात्यावर पॉलिश पेपर, विटेची पूड, चिंच, लिंबू यांतले काहीही लावू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा, तेलाचा अगदी हलका हात द्या, ओलीपासून दूर ठेवा. मुठीवर कापड असेल तर ते काढून नवे लावू नका. जुने कापडही पुरावा असते. मूठ सैल झाली असेल तर वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका. मूठ, मुठीलगतचा पात्याचा भाग, पात्याची पाठ आणि टोक यांचे फोटो काढून ठेवा. आजी-आजोबा त्या तलवारीविषयी जे सांगतात ते लिहून ठेवा, तारखेसकट, आणि पटो न पटो. मोडवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका. घरात ठेवायला कायद्याने काय लागते, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. लपवून ठेवलेली वस्तू शेवटी चोरवाटेनेच बाहेर जाते. आणि सांभाळणे जमत नसेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला 'अजब बंगला', 1863 पासून आहे. तिथे शस्त्रांचे दालनही आहे. मुलांना एकदा घेऊन जा.

एका श्रोत्याचा प्रश्न आला आहे: "आमच्या घरची तलवार आखूड आहे. ती शिकारीची समजायची का?" नुसत्या लांबीवरून नाही. कधीकधी लांब पाते मोडते आणि उरलेल्याला नवे टोक काढतात. युरोपी पाती कापून त्यांच्या कट्यारी केल्याचीही उदाहरणे संग्रहालयांत आहेत. शिकारीची तलवार ओळखायची तर मुठीकडे बघा. शिंगाची मूठ, शिंपल्यासारखी खाली वळलेली छोटी ढाल, पात्यावर हरीण-कुत्र्यांची चित्रे, या खुणा एकत्र दिसल्या तर शक्यता धरा. एकेकटी खूण फसवते. आणि '1414' दिसले तर सहाशे वर्षे मोजू नका.

दुसरा प्रश्न: "तलवारीवर 47 लाख घालण्यापेक्षा तेच पैसे शाळांना दिले असते तर?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आमचे उत्तर एवढेच, की ती तलवार काचेच्या पेटीत बंद होऊन वर्षातून एकदा हारापुरती बाहेर येणार असेल, तर तुमचे म्हणणे खरे. पण गोंदियाच्या, आमगावच्या शाळेतली मुले तिच्यासमोर उभी राहून 'फिरंग' हा शब्द स्वतः वाचणार असतील आणि गुरुजींना विचारणार असतील की हे असे का लिहिले, तर तो पैसा शाळेवरच खर्च झाला. ते घडवून आणणे सरकारवर सोडून चालणार नाही. त्या पेटीपर्यंत मुलांना न्यायचे काम तुमचे-आमचे आहे.

या दसऱ्याला माळ्यावरून तलवार काढाल, तेव्हा हळदकुंकू लावण्याआधी एकदा तिचे पाते उजेडात धरून वाचा.